मास्क कुणाच्याच रक्तात नसतो

थंडी सुरू झाली आणि कुठल्यातरी विषाणूची नवीन बातमी आली, जशी २०२५ च्या जानेवारीत एचएमपीव्हीची आली होती, की आपल्याकडे तोच वाद परत पेटतो. एकजण टोकियोच्या ट्रेनचा फोटो दाखवतो, सगळे मास्क लावून गुपचूप उभे, आणि म्हणतो की बघा याला म्हणतात शिस्त, आपल्या लोकांच्या रक्तातच नाही ती. लगेच दुसरा म्हणतो की कसली शिस्त, ती मान खाली घालून जगणारी माणसं आहेत, वरून हुकूम आला की पाळायचा एवढंच त्यांना माहीत, आपण मोकळ्या तोंडाने बोलणारी माणसं आहोत आणि तेच बरं आहे. दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नसतात, पण दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरलेली असते की मास्क लावणं किंवा न लावणं हे त्या त्या समाजाच्या स्वभावातच असतं, कुणाला ते जमतं, कुणाला जमत नाही, विषय संपला.

मला हे गृहीतकच चूक वाटतं. मास्कबद्दल एखाद्या समाजाला काय वाटतं हे घडवलं जातं, आणि तेही शतकानुशतकं नाही तर बऱ्याचदा एका पिढीच्या आत. साथ येऊन गेल्यावर तिची आठवण कुणी कशी जपली, मास्क हाताशी सहज आणि स्वस्त येतो का, आणि तो लावा असं सांगणारा माणूस लोकांना आपला वाटतो का, बहुतेक सगळं यावर ठरतं. हे मी वाद जिंकायला म्हणत नाहीये. 'आपली संस्कृतीच नाही ती' असं एकदा म्हटलं की कुणालाच काही करायची गरज उरत नाही, महापालिकेला नाही, आरोग्य खात्याला नाही, शाळेला नाही, आपल्याला तर नाहीच. आणि ज्या देशात जगातल्या दर चार टीबीच्या रुग्णांपैकी साधारण एक राहतो त्या देशाला हे परवडणारं नाही.

आधी ज्याला आपण 'आशियाई परंपरा' म्हणतो ती किती जुनी आहे ते बघू. १९१० च्या हिवाळ्यात ईशान्य चीनमधल्या मांचुरियात फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली, सुमारे ६० हजार माणसं गेली. चिनी सरकारने हार्बिनला पाठवलेला डॉक्टर होता वू लिएन-तेह, जन्म पेनांगचा, शिक्षण केंब्रिजचं, वय जेमतेम ३१. त्याने शवविच्छेदन करून सांगितलं की हा प्लेग उंदरांच्या पिसवांनी नाही तर माणसाच्या श्वासातून पसरतोय, आणि कापसाची घडी घातलेली गॉजची पट्टी तोंडानाकावर बांधायला लावली. तिथे असलेला त्याच्याहून ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर मेस्नी याने या तरुण चिनी माणसाचं ऐकून घ्यायला साफ नकार दिला, मास्क न लावता रुग्ण तपासायला गेला आणि १९११ च्या जानेवारीत त्याच प्लेगने गेला. म्हणजे चीनमधला साथीचा मास्क सव्वाशे वर्षांचाही नाही, तो एका पाश्चात्त्य विद्यापीठात शिकलेल्या डॉक्टरने प्रयोगशाळेतल्या निष्कर्षावरून आणला. आणि मेस्नीने तो नाकारला तो काही फ्रेंच संस्कृतीत बसत नव्हता म्हणून नाही, सांगणारा कोण आहे हे बघून नाकारला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो परत परत येणार आहे.

जपानचंही तसंच. तिथे मास्क सर्वसामान्यांपर्यंत पोचला १९१८ ते १९२० च्या इन्फ्लुएंझात, ज्यात जपानमध्ये साडेतीन लाखांवर माणसं गेली. सरकारच्या आरोग्य विभागाने तेव्हा छापलेली पोस्टर्स आजही बघायला मिळतात, गच्च भरलेली ट्राम, बिनमास्कच्या माणसांच्या तोंडातून उडणारे जंतू, आणि मास्क न लावणारा जिवावर उदार झालाय अशा अर्थाची ओळ. विचार करा, लोकांच्या रक्तातच असतं तर अशी पोस्टर्स छापायची वेळ का आली असती? नंतर दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने डोंगरच्या डोंगर सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी झाडांनी भरून टाकले, बांधकामाला लाकूड हवं म्हणून, ती झाडं मोठी झाली आणि त्यांच्या परागकणांनी लोकांना शिंका आणि डोळ्यांची आग सुरू झाली, आज तिथे दर १० जणांत साधारण ४ जणांना हा त्रास आहे. वसंत ऋतूत मास्क लावणं ही त्यांची स्वतःची सोय आहे, त्यात शेजाऱ्याचा विचार वगैरे नंतर येतो. वर कंपन्यांनी हलके, वापरून टाकायचे मास्क काढले, दुकानादुकानात ठेवले. वनखात्याचं धोरण, ॲलर्जी, बाजार आणि एका जुन्या साथीची आठवण यांच्या बेरजेला आपण लांबून बघून 'जपानी शिस्त' म्हणतो.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायलाच हवं. १३ मार्च २०२३ ला जपान सरकारने सांगितलं की आता मास्क लावायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, आणि त्यानंतरही कितीतरी महिने बहुसंख्य लोक मास्क लावूनच फिरत होते. कायदा नव्हता, दंड तर तिथे आधीही नव्हता. मग संस्कृती नाही तर हे काय? शिवाय चेहरा वाचण्यातही फरक आहे हे मानसशास्त्राच्या अभ्यासांतून दिसलंय, जपानी माणूस समोरच्याच्या भावना ओळखताना डोळ्यांकडे जास्त बघतो आणि अमेरिकन माणूस तोंडाकडे, त्यामुळे तोंड झाकलं की अमेरिकन माणसाला खरंच जास्त अडचण होत असणार. हे मी नाकारत नाही. पण २०२० मध्ये जपानमध्येच लोकांना विचारलं गेलं की तुम्ही मास्क का लावता, तेव्हा सगळ्यात ठळक संबंध दिसला तो 'बाकीचे लावतात म्हणून' याच्याशी, स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवण्याच्या विचाराशी त्या मानाने फारच कमी. आणि बाकीचे करतात म्हणून आपणही करणं हा काय फक्त जपानी माणसाचा गुण आहे? आपल्याकडे लग्नातल्या आहेरापासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत निम्म्या गोष्टी आपण त्याच कारणाने करतो. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की 'बाकीचे लावतात' ही परिस्थिती तिथे आणली कुणी आणि टिकवली कुणी.

दुसरं आवडतं म्हणणं असं की पाश्चात्त्य माणूस मुळातच स्वातंत्र्यवादी, त्याला मास्क सहनच होणार नाही. १९१८ चं सॅन फ्रान्सिस्को बघा. ऑक्टोबरमध्ये मास्क सक्तीचा झाला आणि पहिले काही आठवडे शहरातल्या बहुतेकांनी तो लावला, कारण पहिलं महायुद्ध चालू होतं आणि रेड क्रॉसने मास्कची सांगड थेट देशभक्तीशी घातली होती, जो लावत नाही तो कामचुकार. बॉक्सिंगच्या सामन्यात मास्कशिवाय दिसला म्हणून खुद्द महापौराला दंड झाला. ११ नोव्हेंबरला युद्ध संपलं, २१ तारखेला सक्ती उठली, आणि जानेवारीत साथ परत वाढली म्हणून मास्क परत आणायला गेले तेव्हा त्याच शहरात मास्कविरोधी लीग उभी राहिली, भरगच्च सभा झाली. तीच माणसं, तीच संस्कृती, मध्ये तीन महिनेसुद्धा गेले नव्हते. बदललं काय होतं? मास्कला ज्या कारणाचा टेकू दिला होता ते कारण गेलं होतं. आणि पुढच्या शंभर वर्षांत अमेरिकेने ती साथच अशी काही विसरून टाकली की २०२० मध्ये मास्क आला तेव्हा तो लोकांना परका, आशियातून आलेला वाटला. स्वतःच्या आजोबा-पणजोबांनी लावलेला मास्क परका वाटावा, यात संस्कृतीपेक्षा विस्मरणाचा भाग मोठा आहे.

चेक प्रजासत्ताकाचं उदाहरण तर मला या सगळ्या वादात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि तेच कुणी घेत नाही. मध्य युरोपातला देश, मास्कची कसलीही सवय नाही, दुकानात मास्क नाहीत. १९ मार्च २०२० पासून घराबाहेर नाकतोंड झाकणं सक्तीचं झालं, आणि लोकांनी घरच्या शिलाई मशीनवर बसून जुन्या चादरी-शर्टांचे मास्क शिवले, शेजाऱ्यांना वाटले, दवाखान्यांना दिले. माझा मास्क तुला वाचवतो, तुझा मला, हे वाक्य तिथे तोंडातोंडी झालं. अगदी थोड्या दिवसांत अख्खा देश मास्कमध्ये. अमेरिकेची सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था तेव्हा अजून निरोग्यांना मास्कची गरज नाही म्हणत होती, तिने ३ एप्रिलला मत बदललं, जागतिक आरोग्य संघटनेने तर ५ जूनला. पण गोष्ट इथे संपत नाही. उन्हाळ्यात चेक सरकारने सगळं सैल सोडलं, ऑगस्टमध्ये आरोग्य खात्याने मास्क परत जाहीर केले आणि काही दिवसांत सरकारने माघार घेतली, लोकांना कळेना नक्की काय करायचं, आणि त्या शरद ऋतूत त्या देशात युरोपातली सगळ्यात वाईट म्हणावी अशी लाट आली. वसंतात समंजस असलेले चेक लोक शरदात एकदम बेजबाबदार झाले असं म्हणायचं का? लोक तेच होते, त्यांना मिळणारा संदेश बदलला होता. स्वीडनमध्ये तर लोकांचा सरकारवर भरपूर विश्वास, पण सरकारच जवळपास सगळं २०२० वर्ष मास्क लावा म्हणालं नाही, म्हणून लोकांनी लावला नाही. विश्वास असून भागत नाही, विश्वासाचा माणूस काय सांगतो हेही लागतं.

आणि आज्ञाधारकपणाचं काय? हाँगकाँगला २००३ च्या सार्समध्ये १,७५५ लोकांना लागण झाली, २९९ गेले, त्यात रुग्णांची सेवा करणारे डॉक्टर-कर्मचारीही होते. त्या शहराने ते विसरू दिलं नाही, पुढच्याच वर्षी साथींसाठी वेगळं आरोग्य केंद्र उभं केलं, सर्दीखोकला असेल तर मास्क लावा ही सूचना दवाखान्यांतून कायम राहिली, आणि ती सवय झाली. आता बघा, ऑक्टोबर २०१९ मध्ये आंदोलकांची ओळख पटावी म्हणून तिथल्या सरकारने सभा-मोर्चात चेहरा झाकायला बंदी घातली, आणि लोक बंदी मोडून मास्क लावून रस्त्यावर उतरले. चार महिन्यांनी कोविड आला तेव्हा शहराच्या प्रमुख कॅरी लॅम सरकारी अधिकाऱ्यांना बैठकीत मास्क लावू नका म्हणत होत्या, आणि बाहेर लोक सरकारची वाट न बघता मास्कसाठी रात्र रात्र रांगा लावत होते. हा आज्ञाधारकपणा आहे? हे लोक सरकारला न विचारता, उलट सरकारच्या विरोधात जाऊन मास्क लावत होते. 'पूर्वेकडचे लोक मान खाली घालून जगतात' हे म्हणणाऱ्याने एकदा हे वर्ष नीट वाचावं. इकडे फ्रान्सने २०१० मध्ये सार्वजनिक जागी चेहरा झाकायला कायद्याने बंदी घातली, १५० युरो दंड, चेहरा दिसणं हे प्रजासत्ताकाचं मूल्य आहे म्हणून, आणि दहा वर्षांत त्याच पॅरिसमध्ये रस्त्यावर मास्क न लावण्याबद्दल दंड होऊ लागला. आरोग्याच्या कारणाला त्या कायद्यात सूट आधीपासून होती हे खरं, पण जे मूल्य इतकं मूलभूत म्हणून सांगितलं होतं ते गरज पडल्यावर एका उन्हाळ्यात बाजूला ठेवता आलं हेही खरंच.

आता आपल्या घरचं. पुण्याला मास्क नवीन नाही, हे आपण कसं विसरतो कळत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, १४ वर्षांची शाळकरी मुलगी. त्यानंतरचं पुणं ज्यांनी बघितलंय त्यांना आठवत असेल, शाळा-कॉलेज बंद, थिएटर-मॉल बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, औषधांच्या दुकानांत मास्क संपलेले, काळ्या बाजारात चढे भाव, ज्याला मास्क मिळाला नाही त्याने रुमाल बांधलेला, मुलींनी स्कार्फ. कुणीही सक्ती करायच्या आधी लोकांनी आपणहून नाकतोंड झाकलं होतं. म्हणजे वेळ आली तेव्हा पुण्याची माणसं हाँगकाँगच्या माणसांसारखीच वागली. मग फरक कुठे पडला? नंतर पडला. हाँगकाँगने सार्सनंतर ती सवय संस्थांमध्ये बसवली, आपण स्वाइन फ्लू गेल्यावर सुटकेचा श्वास टाकला आणि मास्क कचऱ्यात टाकले. दवाखान्यात खोकणाऱ्याला मास्क देण्याची पद्धत पडली नाही, शाळेत त्यावर एक धडा आला नाही, पुढच्या साथीसाठी साठा ठेवला गेला नाही. अकरा वर्षांनी आपण परत पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि वर म्हणालो, आपल्याकडे ती संस्कृतीच नाही.

बरं, चेहरा झाकण्याचं म्हणाल तर पुण्यात टू-व्हीलरवरच्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये बांधतात ते गेली कित्येक वर्षं आपण बघतोय, ऊन, धूळ, धूर, आणि कुणी ओळखीचं दिसू नये हेही, सगळी कारणं आहेत. व्हिएतनाममध्ये हनोई-सायगोनच्या बायका मोटरसायकलवर अगदी ह्याच कारणांनी कापडी मास्क लावतात. तिथे ती सवय साथीच्या वेळी उपयोगी पडली. शेतात भर उन्हात तोंडाला टॉवेल गुंडाळणारा शेतकरी, गिरणीत पीठ उडतं म्हणून रुमाल बांधणारा गिरणीवाला, पदर नाकाला लावून चुलीपुढे बसलेली बाई, नाकतोंड झाकायचं आपल्याला वावडं कधीच नव्हतं. आपल्या शेजारच्या जैन समाजात स्थानकवासी आणि तेरापंथी साधू-साध्वी तोंडावर मुहपत्ती बांधतात, देरासरात म्हणजे जैन मंदिरात पूजा करणारे तोंडावर कापड बांधतात, मुंबईच्या अग्यारीत पारशी दस्तूर अग्नीपुढे जाताना तोंडावर पदान नावाचं कापड बांधतात, आपला श्वास त्या पवित्र गोष्टीवर जाऊ नये म्हणून. माझ्या श्वासाने दुसऱ्याला बाधा होऊ शकते हा विचार या मातीला नवा नाही. साथीच्या मास्कमागे वेगळा कुठला विचार आहे?

मग २०२० नंतर मास्कबद्दल इतकी चीड का साचली? मला वाटतं त्याचं उत्तर पुण्याच्याच इतिहासात आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला, आणि पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने गोरे सोजीर घराघरात घुसवले, देवघरात बूट घालून, बायकांची तपासणी, सामान बाहेर काढून जाळणं. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. आता त्याच पुण्यात, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता स्वतः प्लेगने गेल्या, १० मार्चला. लोकांना रोग्याला वेगळं काढणं, उपचार, काळजी यांचा तिटकारा होता असं नाही, ज्या हाताने ते लादलं जात होतं त्या हाताचा तिटकारा होता. तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात लागू झाला. मी कोविडकाळातल्या सरकारी माणसांची तुलना रँडशी करत नाहीये, ते अन्यायाचं होईल, त्यातले कितीतरी जण आपल्यासाठी राबता राबता गेले. पण ८ एप्रिल २०२० ला मुंबईत मास्क सक्तीचा झाला आणि पुढे सामान्य माणसाची मास्कशी ओळख झाली ती दंडाच्या पावतीतून, २०० रुपये काढा. नाक्यावर भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला मार्शल पकडतो आणि तिकडे निवडणुकीच्या सभेत व्यासपीठावर सगळ्यांचे मास्क हनुवटीवर, हे लोकांनी बघितलं. मग २ एप्रिल २०२२ ला गुढीपाडव्याला सक्ती उठली तेव्हा लोकांनी मास्कसोबत ती सगळी चीडही उतरवून ठेवली. जी गोष्ट फक्त दंडाच्या भीतीने अंगावर होती ती दंड गेल्यावर राहील कशी?

याच्या उलट तैवानमधली एक छोटी गोष्ट. एप्रिल २०२० मध्ये रेशनवर मास्क मिळत होते, रंग निवडता येत नव्हता, आणि शाळेतली मुलं चिडवतील म्हणून एक मुलगा गुलाबी मास्क लावायला तयार नाही असं सरकारच्या कानावर आलं. १३ एप्रिलच्या रोजच्या पत्रकार परिषदेत आरोग्यमंत्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सगळे पुरुष अधिकारी गुलाबी मास्क लावून आले. दंड नाही, भाषण नाही. सांगणाऱ्याने आधी स्वतः करून दाखवलं.

तरी कुणी म्हणेल की तैवान श्रीमंत, शिकलेला, आपली तुलना होत नाही. मग बांगलादेश घ्या. २०२० च्या शेवटी तिथल्या ६०० खेड्यांत, साधारण ३ लाख ४० हजार माणसांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत मास्क घरपोच फुकट दिले, का लावायचे ते सांगितलं, मशिदीत इमामांनी आणि गावातल्या मान्यवरांनी स्वतः लावून दाखवले, आणि बाजारात-रस्त्यात कुणी विनामास्क दिसला तर कार्यकर्ते थांबवून नीट शब्दांत आठवण करत आणि हातात एक मास्क देत. बाकीच्या गावांत मास्क नीट लावणारे १३ टक्के होते, या गावांत ४२ टक्के झाले. मोबाईलवर मेसेज पाठवून, बक्षीस लावून, शपथ घ्यायला लावून वेगळा फरक पडला नाही, पडला तो हातात मास्क मिळाल्याने आणि माणसाने माणसाला सांगितल्याने. खेडी आपल्यासारखी, गरिबी आपल्यासारखी, गर्दीचे बाजार आपल्यासारखे. रक्तात नसलेली गोष्ट दोन महिन्यांत तिप्पट कशी झाली?

ह्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप येतो तो असा की हे सगळं ठीक, पण मास्कचा उपयोग तरी होतो का? वैद्यकीय संशोधनातले पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या जानेवारीत आलेल्या आढाव्याचा दाखला दिला जातो, समाजात मास्क वाटून फारसा फरक दिसला नाही. आढाव्यात तसं म्हटलंय खरंच, आणि मास्कची बाजू घेणाऱ्यांनी ते दडपू नये. पण कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनीच नंतर सांगितलं की 'मास्क निरुपयोगी आहेत' असा त्याचा अर्थ काढणं चूक आहे, पुरावा अपुरा आहे, त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. त्यातला महत्त्वाचा भाग हा की असे प्रयोग मास्क लावल्याने काय होतं ते मोजत नाहीत, लावायला सांगितल्याने काय होतं ते मोजतात, आणि सांगूनही लोक लावत नसतील तर आकडा कमीच येणार. बांगलादेशच्या त्याच प्रयोगात सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत लक्षणं असलेला कोविड ११ टक्क्यांनी कमी आढळला, ६० च्या वरच्यांत ३५ टक्क्यांनी, कापडी मास्कचं मात्र ठामपणे काही सांगता आलं नाही. ११ टक्के म्हणजे चमत्कार नाही हे मान्य. पण मास्क म्हणजे कवचकुंडलं असं विकलं गेलं म्हणूनच ते फसल्यावर लोकांनी तो फेकून दिला. थोडा, पण खरा उपयोग असलेली वस्तू म्हणून सांगितलं असतं तर आज ती घराघरात सहज असती.

आणि चेहऱ्याची किंमत? ती आहेच. बालवाडीतलं मूल बाईंच्या ओठांकडे बघून बोलायला शिकतं, ऐकू कमी येणारा माणूस ओठ वाचतो, वृद्धांना अर्धं बोलणं चेहऱ्यावरूनच कळतं. म्हणून सगळ्यांनी सदासर्वकाळ मास्क लावावा असं मी म्हणत नाही आणि कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या विरोधात आहे. मी बोलतोय ते खोकणाऱ्या माणसाबद्दल, दवाखान्याबद्दल, गच्च भरलेल्या बंद खोल्यांबद्दल, आणि सगळ्यात जास्त टीबीबद्दल.

कारण संस्कृतीच्या या वादात ज्याचा बळी जातो तो टीबीचा रुग्ण आहे. मध्यंतरी एका ओळखीच्या मुलासोबत छातीच्या दवाखान्यात जाणं झालं. केसपेपरची रांग, एकच पंखा, खिडक्या अर्ध्या बंद, बाकड्यावर खोकणारी माणसं खांद्याला खांदा लावून. याचा मास्क खिशात घडी करून ठेवलेला. फाटकातून आत आला तसा त्याने तो लावला, आणि बाहेर पडताना फाटकाच्या आतच काढून परत खिशात ठेवला. म्हटलं का रे, तर म्हणाला, काका, गल्लीत लावून गेलो तर सगळ्यांना कळेल. त्याच्या घरात आई, बहीण, बहिणीचं दोन वर्षांचं बाळ, एक खोली. त्याला मास्कचं महत्त्व कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती, त्याला ते पाठ होतं. त्याच्या गल्लीत मास्क ही रोगाची पाटी झाली होती, कारण तो फक्त रोगीच लावतो. साधा खोकला झालेली चार माणसं त्या गल्लीत सहज मास्क लावून फिरत असती तर हा मुलगा त्यांच्यात मिसळून गेला असता. सर्दी झालेल्या माणसाने लावलेला मास्क टीबीच्या माणसाला आडोसा देतो, ही गोष्ट 'आपल्या संस्कृतीत नाही' म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांनी कधी विचारात घेतली आहे का?

करायचं काय तेही अवघड नाहीये. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवरच मास्कचा खोका ठेवा, खोकणाऱ्याला न मागता द्या, आणि खिडकीमागचा माणूस, वॉर्डबॉय, नर्स, डॉक्टर सगळ्यांनी स्वतः लावा. दंड नको, पावती नको, कुणाला ओरडणं नको. खिडक्या उघडा, कारण मास्कइतकीच हवा महत्त्वाची आहे. शाळेत सर्दी झालेलं पोर मास्क लावून आलं तर बाईंनी त्याला वर्गापुढे उभं करून विचारू नये एवढं शिक्षकांना सांगा. ऑफिसात साहेबाने स्वतःला खोकला असताना लावावा, मग शिपाई आपोआप लावेल. सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये मास्कच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली होती, साधा तीन-चार रुपयांना आणि एन-९५ प्रकारातले १९ ते ४९ रुपयांच्या आत, तेव्हा मनात आणलं तर किंमत आवाक्यात ठेवता येते हे याच राज्याने करून दाखवलंय. बचत गटांच्या बायकांनी लाखो मास्क शिवून दिले तेही याच राज्यात.

टीबीच्या रुग्णाला मास्क कायमचा लागत नाही, औषधं नीट सुरू झाली की काही आठवड्यांत त्याच्यापासून इतरांना असलेला धोका बराच उतरतो, म्हणजे खरी गरज निदानाच्या आधी आणि उपचाराच्या सुरुवातीला. औषधं सरकार फुकट देतं, किमान सहा महिने देतं, आणि टीबी औषधांना दाद देईनासा झाला तर उपचार आणखी महाग आणि अवघड होतो, तोही खर्च सरकारच करतं. मग त्या पहिल्या पाकिटासोबत रुग्णाला आणि घरातल्या माणसांना दोन महिने पुरतील एवढे मास्क द्यायला कुठली संस्कृती आडवी येते, हे एकदा आरोग्य खात्याला विचारायला हवं.